फुल्यांची वाट

आमच्या रमाचं उष्टावण फिनलंडमध्ये करायचं ठरलं, कारण तिचा मामा तिथे होता आणि त्याला सुट्टी नव्हती. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात आणि पहिली खीर मामाच्या हातची, ही आमच्याकडची रीत. सातवा महिना सरत आला होता. मामा रायपूरला येऊ शकत नाही? मग रमा मामाकडे जाईल!

मामा म्हणजे माझी सून संपदा हिचा भाऊ रणजित. फिनलंडच्या पार उत्तरेला, एका गोठलेल्या तळ्याकाठी लाकडी घरात राहून तो बर्फ मोजतो. माझी बायको इंदू गुडघ्यांमुळे मागे राहिली. निघालो ते मी, माझा मुलगा सुशील, संपदा, रमा आणि माझे व्याही श्यामराव.

श्यामरावांचं आधीच सांगून टाकतो. पोटात ठेवून पुढची गोष्ट सांगता येणार नाही.

मी छत्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. वेड एकच, कीर्तन! रायपूरजवळच्या उरला गावच्या सायडिंगवरून ड्यूटी आटोपून, कपड्यांवर लोखंडाची धूळ तशीच घेऊन मी आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात जाऊन बसायचो. पूर्वरंगात डोळे मिटायचे आणि उत्तररंगात वाहायला लागायचे. पण स्वतःला एक ओळ सुरात म्हणता येईल तर शपथ! देवाने कान मला दिले आणि गळा श्यामरावांना. पोस्टातून निवृत्त झाले काय, चिपळ्या हातात घेतल्या काय, आणि वर्षभरात आमच्याच सभागृहात त्यांच्या गळ्यात हार पडू लागले! मी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायचो. निम्मे भक्तीने, निम्मे जळफळाटाने.

तेही सोसलं असतं. पण रमा! माझ्या मांडीवर आली की पोट्टी इंजिनाच्या भोंग्यासारखी सुरू व्हायची. श्यामरावांनी नुसता "विठ्ठलाऽऽ" असा सूर लावला की गप्प! विमानात ती रडायला लागली तेव्हा त्यांनी हलकेच नामस्मरण धरलं. ती झोपली, शेजारची गोरी म्हातारीसुद्धा झोपली. हवाईसुंदरी मला म्हणाली की तुमचे भाऊ फार छान गातात. भाऊ!

असो. मार्चचा शेवटचा आठवडा होता. आम्हाला घेऊन आलेली गाडी रस्ता संपला तिथे आम्हाला उतरवून परत गेली. समोर तळं होतं, म्हणजे होतं असं म्हणायचं; दिसत होतं ते एक पांढरंशुभ्र मैदान, चार गावं मावतील एवढं, कडेला काळपट झाडांची किनार आणि वर काचेसारखं निळं आकाश. ऊन लख्ख, पण श्वास मिशीवर गोठत होता. मुहूर्त दुपारी एक वाजून दहा मिनिटांचा. घड्याळात साडेअकरा.

रणजित बर्फावरची स्कूटर घेऊन आम्हाला न्यायला येणार होता. त्याऐवजी फोन आला. आणि तो कोणाच्या फोनवर? श्यामरावांच्या!

"स्कूटर बिघडली म्हणते," श्यामराव म्हणाले. "दुरुस्त झाली की समोरून येतो. तवरिक तुम्ही पायी निघा म्हणते. तीन किलोमीटर आहे. काठ्यांवर लाल फुल्या ठोकून ठेवल्या आहेत, त्या सोडू नका म्हणते."

गाडीवाल्याने उतरवून ठेवलेली एक घसरगाडी होती, तीत लांब दोराचं एक भेंडोळं. इंदूने दिलेल्या दोन गोधड्यांत गुंडाळून आम्ही रमाला तीत ठेवलं. सुशीलने दोर खांद्याला लावला. निघालो!

काठ्या दिसल्या. एकामागे एक, काठाकाठाने लांबलचक वळसा घेत गेलेल्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर दोन फळ्यांची लाल फुली. मी थबकलो.

"श्यामराव, ही लाइन तर बंद आहे!"

"काहून?"

"काहून म्हणजे? छत्तीस वर्षं काय करून राहिलो होतो मी? सिग्नलवर फुली ठोकली म्हणजे तो सिग्नल वापरात नाही. त्याच्याकडे पाहायचंच नाही. इथे तर ओळीनं सगळ्या फुल्या! अख्खी वाट रद्द केली आहे!"

"पण पोट्टा म्हणाला..."

"ऐकण्यात चुकलं असेल तुमच्या. फुल्या सोडा म्हणाला असेल. तो पाहा, तळ्यापलीकडे सरळ समोर धूर दिसते. त्याचंच घर. सरळ गेलो तर अर्धा वेळ!"

संपदाने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, एकदा फोन लावून विचारता का?"

श्यामरावांनी फोन लावला. लागला नाही.

सुशील म्हणाला, "पापा ने सारी उमर सिग्नल देखे हैं. चलो ना, सीधे चलते हैं."

मला वाटलं श्यामराव हट्ट धरतील. त्यांनी धरला असता तर बरं झालं असतं. पण ते गोड हसून म्हणाले, "हव. विनायकराव म्हणतात तसं." त्यांचा तो गोडवा मला आणखीच झोंबला. आज देवासमक्ष कबूल करतो, फोन माझ्या फोनवर आला असता तर मला रेल्वेचा कुठलाही नियम आठवला नसता.

मी पुढे झालो. पंधरा मिनिटं आम्ही दणक्यात चाललो. बर्फ करकर वाजत होतं, रमा गोधडीतून आकाश बघत होती, मी मनातल्या मनात रणजितला सांगत होतो की तुझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाने कशी वाट काढली बघ.

पचाक!

माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. वर कोरडं, मऊ हिम आणि खाली पाणी! जाड बर्फाच्या थरावर पाणी साचलं होतं, त्यावर हिमाची गोधडी पांघरलेली. म्हणून ती वाट काठाने वळसा घेत गेली होती!

"मागे! सुशील, गाडी मागे घे!"

दोघांनी मला ओढून काढलं. बूट भरला होता. मान वर केली, तर धूर नव्हता. पलीकडचा काठही नव्हता. उत्तरेकडून एक पांढरी भिंत धावत येत होती. बघता बघता तिने आम्हाला गिळलं! आभाळ, जमीन, आमच्या पाऊलखुणा, सगळं एकच पांढरं. हात लांब केला तर बोटं दिसेनात.

रमा रडायला लागली. भुकेने. संपदा घसरगाडीच्या आडोशाला बसली, गोधडीच्या आत तिला पाजू लागली. आम्ही तिघं पुरुष वाऱ्याकडे पाठ करून भिंतीसारखे उभे राहिलो. पण बोचऱ्या वाऱ्यात तिला धड पिता येईना. दोन घोट, की रडणं. संपदा म्हणाली, "पापाजी, हिचे गाल गार पडून राहिले." आवाजात तक्रार नव्हती. त्यानेच माझं काळीज फाटलं.

आता विचार! धुक्यात अडकलेल्या गाडीचा गार्ड काय करतो? ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डाचा शेवटचा डबा, सोडून सगळे धावत सुटत नाहीत. एक जण जातो.

"फुल्या डाव्या हाताला आहेत," मी म्हणालो. "वारा उजव्या गालावर ठेवायचा. तो लांब दोर माझ्या कमरेला बांधा. मी दोराच्या टोकापर्यंत जातो, अर्धं वर्तुळ फिरतो. काठी नाही सापडली तर सगळे तेवढं पुढे सरकू. मग पुन्हा."

"मी जातो, पापा!"

"गाडी कोण ओढेल मग? आणि श्यामराव, तुम्ही गात राहा. दोर सुटला तर मला परत यायला तुमचा आवाज पाहिजे."

ते शब्द तोंडातून काढताना मला काय झालं, ते मलाच ठाऊक!

श्यामरावांनी सूर लावला. त्या वाऱ्यात! मंडळात ध्वनिक्षेपक लागायचा, इथे नुसती छाती. मी गेलो. काही नाही. परत आलो. सरकलो. पुन्हा गेलो. काही नाही. उजवा पाय लाकडासारखा झाला होता. पाच वेळा, सहा वेळा. दर वेळी तोच सूर मला हात धरून परत आणत होता, आणि दर वेळी तो थोडा घोगरा होत होता. सातव्या वेळी दोर ताणला गेला आणि त्याच क्षणी, वाऱ्याच्या एका फटीत, समोर काहीतरी लाल चमकलं! दहा पावलं. फार तर बारा.

दोर पुरत नव्हता.

मी गाठ सोडली. दोर बर्फावर टाकला आणि धावलो. पडलो. उठलो. छातीवर लाकूड आदळलं. फुली! मी त्या काठीला अशी मिठी मारली की देवळातल्या खांबालाही कधी मारली नसेल.

"सापडली! याऽऽ!"

उत्तर नाही. श्यामरावांचा आवाज थांबला होता. गळा पार बसला असणार. काठी सोडली तर पुन्हा हरवणार, न सोडावी तर ते माझ्यापर्यंत येणार कसे? आरोळी वारा खाऊन टाकत होता. लांब धरलेला सूरच तेवढा पोचतो, हे मी आत्ताच माझ्या कानांनी शिकलो होतो.

मग मी गायलो. देवाचं नाव, जमेल त्या पट्टीत. एका सुरातून निघून तिसऱ्यावरच आपटत होतो! मंडळात असं गायलो असतो तर लोक चपला शोधायला उठले असते. मी डोळे मिटले आणि गात सुटलो. किती वेळ, देव जाणे. मग कानावर आलं, रडणं! रमाचं रडणं! बारीक, मग मोठं, मग अगदी जवळ. आयुष्यात पहिल्यांदा मला ते भूपाळीसारखं गोड लागलं. पांढऱ्यातून सुशीलचा खांदा आला, मागे घसरगाडी, संपदा आणि शेवटी दोर हाताला गुंडाळत श्यामराव.

त्यानंतर एकही फुली सोडली नाही. एकीला हात लावायचा, दुसरी दिसेपर्यंत थांबायचं, मग पाऊल. नवव्या फुलीपाशी घरघर ऐकू आली. दिवा दिसला. रणजित!

घरात शेगडी ढणढणत होती. माझा पाय कोमट पाण्यात होता, त्यातून जीव येताना मी ओरडत होतो, पण बोटं वाचली. रमाचे गाल पुन्हा लाल झाले. ती पोटभर प्याली, झोपली, उठली. मुहूर्त टळून तीन तास झाले होते.

रणजितने तिला मांडीवर घेतलं, खिरीचा चमचा भरला आणि तो तसाच हवेत धरून सगळ्यांकडे पाहिलं. इतका वेळ दाबून ठेवलेला राग आता वर आला.

"सांगितलं होतं ना, फुल्या सोडू नका? तिकडं वर पाणी असते. मागच्या महिन्यात तिथे एक रेनडिअर गेलं! कोणी सोडल्या फुल्या?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात श्यामराव पुढे सरकले. गळ्यातून नुसती हवा येत होती.

"मी," ते कुजबुजले. "माझ्या ऐकण्यात चुकलं, बाळा."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला! गळा यांना, हार यांना, नात यांना, फोन यांना. आणि आता हा मोठेपणासुद्धा यांनाच?

"खबरदार!" मी पाण्यातून पाय काढून उभाच राहिलो. "चूक माझी आहे! तुमचा काय संबंध, श्यामराव? नियम मी सांगितला, पुढे मी झालो, पाण्यात मी पडलो! सगळं तुम्हीच नेता, ही तरी माझी मले राहू द्या!"

"असं कसं, विनायकराव, फोन तर माझ्याकडे..."

"मी म्हणतो माझी!"

"बरं, अर्धी अर्धी..."

"अर्धी नाही! पूर्ण!"

संपदा आधी हसू दाबत होती, मग तिला ते आवरेना. सुशील म्हणाला, "पापा, पहले बैठिए, पानी गिर रहा है." रणजित चमचा धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

रमा मात्र कंटाळली. तिने दोन्ही हातांनी मामाचं मनगट पकडलं, खाली ओढलं आणि खीर आपली आपणच तोंडात घेतली.