मोटर नसलेली लेन्स

विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. माझ्या नणंदेच्या बाबतीत घडलेलं आहे आणि मी एक शब्दही पदरचा घालणार नाही.

रात्र नव्हती. पाऊस नव्हता. कुत्रंही रडत नव्हतं.

शनिवारची भर दुपार होती. एक बाजू सोडली तर स्टेडियम खचाखच भरलेलं होतं.

पण त्याआधीचं ऐका.

ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, एका वर्तमानपत्रात खेळांचे फोटो काढायच्या. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्या घरी बसल्या. परत गेल्या तेव्हा ऑफिसची मोठी लेन्स दुसऱ्याच्या गळ्यात होती.

साहेब म्हणाले, "ताई, आता तुम्ही सत्काराचे, उद्घाटनाचे फोटो काढा. मैदान झेपायचं नाही तुम्हाला."

ताईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"शनिवारच्या रिले फायनलचा फोटो पहिल्या पानावर आला, तर मैदान माझं. नाही आला, तर राजीनामा."

बोलून बसल्या! जवळ मोठी लेन्स नाही, नवी घ्यायची ऐपत नाही. मग त्यांनी एका बाईंकडून जुनी, लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स घेतली. बाईंचे मालक फोटोग्राफर होते. वारले होते.

देताना बाई म्हणाल्या, "यांच्याशिवाय कुणाच्या हातात चालली नाही हो ती."

"माझ्या हातात चालेल," ताई म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्यानं मात्र लेन्स बघून कपाळाला हात लावला.

"ताई, ही तुमच्या कॅमेऱ्याची नाहीच. मधे अडॅप्टर टाकून बसवून देतो. पण हिच्यात मोटर नाही, फोकस हातानं रिंग फिरवूनच करायचा. आणि लांबचं सगळं धूसर दिसणार. मैदानाच्या पलीकडचं तर विसराच."

"पलीकडे कोणाला बघायचंय? मी फिनिशच्या रेषेशी बसणार."

लेन्स घरी आली. ताईंनी ती स्टँडवर लावून बाल्कनीत ठेवली आणि चहा घ्यायला आत आल्या.

खर्र...

आम्ही दोघींनी ऐकलं.

खर्र... खर्र...

रिंग फिरल्याचा आवाज. बाल्कनीत कुणी नव्हतं. वारासुद्धा नव्हता.

ताई कप ठेवून तडक बाहेर गेल्या. रिंग त्यांनी सोडली होती तिथं नव्हतीच. त्यांनी ती परत आपल्या जागी आणली.

"सैल असेल," त्या म्हणाल्या.

सैल कसली? फिरवायला जोर लागत होता तिला.

दुसऱ्या दिवशी त्या सरावाला मैदानावर गेल्या. पोरी पळत होत्या. ताईंनी डोळा लावला, रिंग धरली, आणि...

त्यांच्या बोटांवर कुणाची तरी बोटं आली.

थंड नव्हती हो. चांगली ऊबदार होती, जिवंत माणसाच्या हातासारखी. त्या बोटांनी ताईंच्या हातासकट रिंग फिरवली.

ताईंनी मान वळवली.

बाजूला कुणीच नव्हतं.

मी त्या जागी असते तर लेन्स तिथंच टाकून घर गाठलं असतं. ताईंनी काय करावं? त्या बाईंना फोन लावला.

बाई म्हणाल्या, "त्यांना सवयच होती ती. नवीन माणसाच्या हातावर हात ठेवून स्वतःच फोकस करायचे. कुणाचं जमेल यावर विश्वासच नव्हता त्यांचा. फार लोक दुखावले त्यांनी."

"मी नवीन नाही," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शनिवारी निघताना मी हात जोडले. "ताई, नका नेऊ ती. राजीनामा तर राजीनामा. जीव मोठा आहे."

"अगं, साहेब म्हणतात झेपणार नाही. हा मेलेला माणूसही तेच म्हणतोय. कुणाकुणाचं ऐकू मी?"

आणि गेल्या!

पुढचं त्यांनीच सांगितलेलं.

रिलेची शेवटची फेरी. पोरी वळणावर आल्या. लोक उभे राहून ओरडत होते. ताई रेषेशी गुडघ्यावर बसल्या होत्या.

तेवढ्यात... आवाज बंद झाला.

एवढं मैदान, एवढी माणसं. तोंडं उघडी, हात वर. पण आवाज नाही.

फक्त खर्र...

ऊबदार बोटं आली. रिंग फिरायला लागली. पोरी धूसर झाल्या.

ताईंनी दात आवळले. ऑपरेशन झालेला खांदा ठणकत होता. सगळा जोर लावून त्यांनी रिंग मागे ओढली. ते हातही हटेनात.

"काका, हात काढा!" ताई ओरडल्या. "फोटो माझा आहे. चुकला तर मी चुकवीन!"

एक क्षण काहीच झालं नाही.

मग... बोटं उचलली गेली.

पहिल्या पोरीनं छाती पुढे काढली आणि ताईंनी बटण दाबलं.

क्लिक...

पण तो आवाज हातातल्या कॅमेऱ्यातून आला नाही. तो आला मैदानाच्या पलीकडून.

आणि मग लोकांचा गलका कानांवर आदळला.

ऑफिसमध्ये साहेबांनी कार्ड उघडलं. एकच फोटो होता त्यात.

काय फोटो होता! रेषेवर झेपावलेली पोरगी, गळ्याच्या ताणलेल्या शिरा, घामाचे थेंब. साहेब खुर्चीतून उठले.

मग हळूच बसले.

"ताई... हा फोटो पलीकडून काढलाय."

ताई म्हणाल्या, "पलीकडचा प्रेक्षकांचा स्टँड दुरुस्तीसाठी बंद आहे. कुलूप आहे त्याला."

"मग ह्या कोण?"

पोरीच्या मागे, रेषेच्या बाहेर, गुडघ्यावर बसलेली एक बाई होती. डोळ्याला कॅमेरा, हातात लांब लेन्स. इतक्या लांबून काढलेला, आणि त्या लेन्सचा... तरी तिच्या कपाळावरची शीर न् शीर स्पष्ट.

ताई स्वतःच होत्या.

साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "तुम्ही फोटोत आहात. मग काढला कुणी?"

ताई जवळ गेल्या. फोटोतल्या स्वतःच्या हाताकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. रिंगवर फक्त त्यांचीच बोटं होती.

"कॅमेरा माझा, लेन्स माझी, बोट माझं," त्या म्हणाल्या. "छापा. खाली नाव माझं. आणि मला कापून टाकायचं नाही."

छापला. पहिल्याच पानावर. मैदान ताईंना परत मिळालं.

मी अजूनही मागे लागते, विकून टाका म्हणून. त्या ऐकत नाहीत. बोटं पुन्हा कधी आली नाहीत, म्हणतात. आता तर दर सामन्याला तीच लेन्स नेतात.

पण हल्ली परत आल्या की कार्ड आधी एकट्याच बघतात, दार लावून.

परवा मी न विचारता आत गेले. ताईंनी झटकन स्क्रीन झाकली, पण मला दिसायचं ते दिसलं.

मैदान नव्हतंच त्यात. आमची बाल्कनी होती, बाहेरून, खूप लांबून काढलेली.

कठड्याशी मी कपडे वाळत घालत होते. त्याच दुपारी, ताई मैदानावर असताना.

एकदम स्पष्ट.