धोंडूच्या दोन रिकाम्या नोंदी

"ही नोंद रिकामी आहे. पुढे काय करू?"

संगणकाच्या पडद्यावर ही ओळ उमटली आणि शाल्मलीचा चेहरा खर्रकन उतरला. रिकामी? असं कसं होईल? अख्ख्या सुट्टीत मान मोडून केलेलं काम होतं ते!

लोणारच्या विवराकाठी एक रोबो चाचणी केंद्र होतं. शाल्मलीचे आजोबा, म्हणजे आबा, तिथे शास्त्रज्ञ होते. मंगळावर जाणाऱ्या रोबोंना इथल्या काळ्या खडकांवर चालायला शिकवायचं, हे त्यांचं काम. सध्याचा विद्यार्थी होता धोंडू. सहा पायांचा, गुडघ्याएवढा, आणि भलताच बोलका. आज दुपारी तो पहिल्यांदाच विवराचा उभा उतार उतरणार होता. पाऊल टाकण्याआधी दगड हलवून बघायचा, डगमगला तर पाय मागे घ्यायचा, ही युक्ती, मागे तो एका दगडावरून पडला तेव्हा, त्याच्यासाठी शाल्मलीने लिहिली होती. आणि नेमकी तीच नोंद रिकामी!

"आबा, माझं काम पुसलं गेलं! आता धोंडू गडगडत खाली जाणार!" तिचे डोळे भरून आले.

"असं बोलू नका हो ताई," धोंडू म्हणाला. "माझे सहाही पाय लटपटायला लागले."

आबा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "आधी सांग, सकाळपासून आपण काय करतोय?"

"रिबेस," ती नाक ओढत म्हणाली.

रिबेस (जुने बदल त्याच क्रमाने नव्या पायावर पुन्हा बसवणं) तिला आता सवयीचं झालं होतं. मुख्य केंद्राने धोंडूचा मूळ प्रोग्रॅम सुधारून पाठवला होता. आबांच्या आणि तिच्या जुन्या नोंदी (नोंद म्हणजे केलेला बदल आणि तो का केला हे सांगणारं वाक्य, प्रोग्रॅमर मंडळी तिला 'कमिट' म्हणतात) त्यावर एकेक करून चढवायच्या होत्या.

"बरोबर. आता समज, मी म्हटलं, जा, दार लावून ये. तू गेलीस, तर दार आधीच लावलेलं. काय करशील?"

"परत येईन. करायला काही उरलंच नाही ना!"

बोलता बोलता ती थबकली. तिने घाईघाईने नवा प्रोग्रॅम उघडला. दगड हलवून बघायची युक्ती तिथे अगदी जशीच्या तशी लिहिलेली होती.

"अगंबाई! हे आधीच कुणीतरी केलंय!"

"म्हणून तर संगणकाला फरक सापडेना. तुझा बदल हरवला नाही, तो तिथे आधीपासून आहे. अशी नोंद खुशाल गाळावी."

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला, पण मन खट्टू झालं. एवढी मेहनत आपण करायची आणि बाजी मारायची भलत्याच कुणीतरी! त्या रागातच तिने हुकूम सोडला, "सगळ्या रिकाम्या नोंदी गाळून टाक!" संगणकाने पटकन काम उरकलं.

"माझी खूण कुठे गेली?" धोंडू एकदम ओरडला. "खुणेशिवाय मी नाही उतरणार, सांगून ठेवतो!"

आबांनी जुन्या नोंदींची मूळ साखळी जपून ठेवली होती. शाल्मलीने ती काढून पाहिली. त्यात आबांची एक नोंद होती. बदल काहीच नाही, फक्त वाक्य: 'इथवर सपाट जमिनीची चाल, इथून पुढे उताराची. गडबडलास तर इथवर परत ये.' उतारावर गोंधळलाच, तर धोंडू ही खूण शोधून आपली जुनी, साधी चाल धरणार होता. खूणच नसती तर बिचारा मध्येच अडकून पडला असता.

"धोंडू, चुकलं रे माझं," शाल्मली कळवळून म्हणाली. मग तिने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. "आबा, माझी नोंद आधी भरलेली होती, आता रिकामी झाली. तुमची तुम्ही मुद्दामच रिकामी लिहिलीत. ते वाक्य हेच तिचं काम."

"शाब्बास! म्हणजे आत्ता रिकामी आहे, एवढंच बघून भागत नाही."

"मुळात कशी होती, तेही बघायचं." तिने जुनी साखळी पुन्हा घेतली आणि संगणकाला नवा हुकूम दिला. "रिबेसमध्ये रिकाम्या झालेल्या नोंदी गाळ. मुळातच रिकाम्या असलेल्या ठेव. आणि शंका आली तर थांब, मला विचार!" या वेळी धोंडूची खूण जागच्या जागी राहिली.

दुपारी धोंडू उतारावर निघाला. थोडं खाली गेल्यावर त्याने एका दगडाला पाय लावला, तसा तो दगड सुटून धडधडत खाली गेला. धोंडूने पाय केव्हाच मागे घेतला होता.

"बघितलंत ना ताई?" तो खालून ओरडला. शाल्मलीने टाळ्या पिटल्या.

"आबा, पण ही युक्ती आपल्याआधी लिहिली कुणी?"

आबांनी मोबाइलवर नोंद शोधली. "लडाखच्या चाचणी केंद्रात स्टान्झिन नावाची मुलगी आहे. तिनेच ती मुख्य केंद्राला पाठवली. तुझ्याएवढीच असेल."

शाल्मली बघतच राहिली. इतक्या लांब बसून कुणीतरी अगदी आपल्यासारखाच विचार केला होता! मघाचा राग कुठल्या कुठे पळाला.

"तिला फोन लावा ना! मंगळावर वाळूचेही उतार असतील. ते मला एकटीला नाही जमायचं."

आबांनी खरंच फोन लावून दिला. पलीकडून 'हॅलो' ऐकू आलं, तशी आमची बडबडी शाल्मली चक्क लाजली. मग मोडक्यातोडक्या हिंदीत तिने विचारलं, तुझा रोबोसुद्धा दगडावरून पडला होता का गं?

पलीकडे खो खो हसू फुटलं.