प्लास्टरच्या आतलं नाव

बसा रे पोरांनो, बोट काही सकाळशिवाय सुटत नाही. माझ्या मित्राची, अन्सेल्मोची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर त्यालाच विचारा, पलीकडच्या बेटावर असतो.

त्याचा मुलगा जोमार आणि त्याच्या बहिणीची, रेमिंगची मुलगी तेसी, दोघांचेही पाय जन्मापासून ताठ, चालताना एकमेकांत अडकायचे. टाचा कधी टेकायच्याच नाहीत. त्या वर्षी इलोइलो शहरात ऑपरेशन करून अशा पोरांना चालतं करणारे डॉक्टर येणार होते. रेमिंग कोळंबीच्या तळ्यावर कामाला. तिला सुट्टी मिळेना, म्हणून भावाला म्हणाली, तूच जा आणि दोघांची नावं लिहून ये.

हा आरोग्य केंद्रात गेला. जागा एकच उरलेली, आणि तेसी मोठी म्हणून तिचा हक्क आधी. अन्सेल्मोनं सरळ सांगितलं, ती पोर वारली. यादीत स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं जोमारचं नाव लिहिलं आणि घरी आला. बहिणीला म्हणाला, यादी भरत आली होती, आपला एकच बसला.

आठवड्यानं आरोग्य केंद्रातली बाई बिस्किटांचा डबा घेऊन रेमिंगकडे दुखवट्याला आली. तेसी दारातच भात खात होती. अन्सेल्मोही तिथंच. सगळं उघडं पडलं. तेसीनं विचारलं, "मामा, मी कधी मेले?"

सख्खा भाऊ! मला आजही त्याची चीड येते.

ऑगस्टच्या तापात तेसी खरंच गेली. सप्टेंबरात जोमारचं ऑपरेशन झालं. मांडीपासून बोटांपर्यंत दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, तसाच त्याला घरी आणला.

बारा तारीख, शनिवार. रात्रीचे पावणेदोन. अन्सेल्मोला जाग आली. खर्र... खर्र... पोरगा खाजवत असेल, असं त्याला वाटलं. त्यानं दिवा लावला.

जोमार गाढ झोपलेला. दोन्ही हात गालाखाली.

खर्र...

अन्सेल्मोनं प्लास्टरला कान लावला. आवाज आतून येत होता. कागदावर पेन चालावं तसा. सावकाश.

"तेसी...?"

आवाज थांबला.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं, तेव्हा मी सोबत होतो. जोमारच्या टाचा पहिल्यांदा जमिनीला टेकल्या. पण अन्सेल्मो तिकडे बघतच नव्हता. नर्सनं कापलेला तुकडा उलटा करून विचारलं, हे आत कोणी लिहिलं?

कातडीच्या बाजूला, निळ्या शाईत, तेसीचं पूर्ण नाव होतं.

अक्षर अन्सेल्मोचं.