कच्च्या टाक्यांचं बोलणं

एक होता शिंपी, एक होती शिंपीण आणि त्यांची एक गुणी लेक. यंत्राच्या खडखडाटात दिवस सुखाचे चालले होते. पण शिंपिणीचं डोकं ठणकायला लागलं, आणि तपासणीत दिसलं की मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. फुटला तर बाई हातची जायची. ऑपरेशन ठरलं, आणि त्याआधी सर्जनबाईंनी दोघांना बोलायला बोलावलं.

शिंपिणीला परक्या माणसापुढे तोंड उघडायची भीती. शिंपी म्हणाला, "अगं, कोट आधी कच्च्या टाक्यांवर घालून बघतो ना आपण? तसं बोलणंही घालून बघू."

दुकानामागच्या खोलीतल्या पुतळ्याला त्यानं पांढरा कोट चढवला. पुतळ्याला डोकं नव्हतं. शिंप्याच्या पुतळ्याला कुठलं असायला? शिंपी त्याच्यामागे लपला आणि नाकातून म्हणाला, "हं, काय होतंय तुम्हाला?"

"अहो, सर्जनबाईंना काय बारमाही सर्दी असते?"

दोघंही खळखळून हसली. मग एकेक प्रश्न तिनं विचारून पाहिला. कवटी उघडणार, की मांडीतल्या रक्तवाहिनीतून वर तार घालणार? नंतर बोलता येईल ना? सुई धरता येईल ना?

दुपार ढगाळ होती. तेवढाही उजेड डोळ्यांना टोचायचा, म्हणून खिडकीवर अस्तराचं कापड टाकलं होतं. ती डोळे मिटून बसली. खोलीत इस्त्रीच्या वाफेचा वास होता. त्यात हळूहळू निलगिरीचा वास मिसळायला लागला...

"डोकं दुखलं, की काय घेतेस?"

आवाज अगदी हलका. नाकातला नव्हता.

"शेजारच्या काकांची हृदयाची गोळी..." ती पुटपुटली. "रक्त पातळ करणारी. बरं वाटतं मला. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही..."

"आणि आई कशी गेली?"

"घसरून पडली, म्हणतात सगळे. पण ती सारखी कपाळाला निलगिरी चोळायची, आणि पडायच्या आधी तिनं डोकं गच्च धरलं होतं... मी बघितलंय."

"मग सांग त्यांना. मी दुखणं अंगावर काढलं, पोरी... तू नको काढू."

इतक्यात बाहेरून, दुकानातून, शिंप्याचा आवाज आला. गिऱ्हाइकाशी बाह्यांच्या लांबीवरून त्याची हुज्जत चालली होती.

तिनं डोळे उघडले. पुतळ्यामागे कुणी नव्हतं. कोटाची छाती मात्र सावकाश खाली बसत होती, कुणी श्वास सोडावा तशी...

सर्जनबाईंपुढे ती सगळं घडाघडा बोलली. शिंपी बघतच राहिला. गोळीचं ऐकून सर्जनबाई सावरून बसल्या. "बरं झालं सांगितलंत. ही गोळी पोटात असताना हात घातला असता, तर रक्त आवरणं कठीण होतं. आता थोडं थांबू. आणि आईचं असं असेल, तर तुमच्या बहिणीलाही तपासून घ्या."

धाकटी बहीण फोनवर हसली. "ताई, माझं डोकं दुखत नाही. माझ्यामुळे दुसऱ्यांचं दुखतं!"

ऑपरेशन झालं. शिंपीण शुद्धीवर आली, तेव्हा डोक्याची एक बाजू भादरून पट्टीत बांधलेली होती. दुसऱ्या बाजूच्या केसांची घट्ट, चौपदरी वेणी घातलेली. आई घालायची तशी.

"मी नाही बाई घातली," नर्स म्हणाली. "आणि इथे बाहेरचं कुणी येत नाही."

शिंपीण घरी आली. सुईत दोरा ओवता आला, तेव्हा शिंपी पाठ फिरवून डोळे पुसत बसला. आणि एका सकाळी बहिणीचा फोन आला. हसू कुठल्या कुठे गेलेलं.

"ताई... मी मोकळ्या केसांनी झोपले होते गं. उठले तर वेणी... चौपदरी..."

"चहासुद्धा घेऊ नकोस. आधी दवाखान्यात जा."

तिचाही फुगा निघाला. वेळेवर सापडला, तीही वाचली. घरात पुन्हा यंत्रं वाजायला लागली, हसणं परत आलं.

लेकीची तपासणी स्वच्छ आली आहे. तरी रोज उजाडताच शिंपीण आधी तिच्या अंथरुणाशी जाते, चादर हळूच बाजूला करते. केस मोकळे दिसले, की मग दिवसाच्या कामाला लागते.