मधला भोंगा

माझी लेक यशू दुपारी झोपते तेवढाच वेळ माझा. त्यात कपडे वाळत घालायचे, केस विंचरायचे आणि उरलाच वेळ तर हे लिहायचं.

मार्चमध्ये मी तिला घेऊन सोलापूरला माहेरी गेले होते. दादांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, स्पीकरचे दोन जुने बॉक्स आईनं विकायला काढले होते. पुण्याचा कुणी शौकीन माणूस रविवारी न्यायला येणार होता. दादांची साउंड सर्व्हिस होती. जयंती, लग्नं, बारशी, सगळीकडे तेच बॉक्स जायचे. पत्र्याच्या शेडमध्ये ते अजून उभे होते, माझ्या खांद्याएवढे उंच. राळेचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास तसाच होता. भिंतीपलीकडच्या यंत्रमागांचा खडखडाटही तसाच.

यशू पोटात असताना दादा गेले. फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज एका कॅसेटवरच उरलाय. कुठल्याशा जयंतीचा कार्यक्रम त्यांनी रेकॉर्ड केला होता आणि सुरुवातीला त्यांचं टेस्टिंग आलं होतं. हल्ली मला त्यांची वाक्यं आठवायची, आवाज आठवायचा नाही. बॉक्स जायच्या आत तो एकदा ऐकायचा होता. दुसरं काही नको होतं मला.

कॅसेट लावली. आवाज आला, पण दादांचा नव्हता. नाक दाबून कुणी त्यांची नक्कल करावी तसा होता.

आई दारात शेंगा फोडत बसली होती. "भोंगे बदललेत त्यांनी," ती म्हणाली. "जुने त्या पोत्यात हायत बघ."

अशा बॉक्समध्ये ढोल खालच्या मोठ्या तोंडातून येतो, झांज वरच्या बारक्यातून. माणूस येतो मधल्या भोंग्यातून. आता तिथं फायबरचे भोंगे होते. पोत्यातले ओतीव ॲल्युमिनियमचे निघाले, जड आणि त्या उन्हाळ्यातही गार.

"एवढे चांगले कशाला काढले गं?"

"मला काय ठावं. लई लांब जातोय आवाज, म्हनाले. लांब जायलाच लावत्यात की, म्हटलं मी. गप बसले."

"मी बसवू का परत?"

"बसव की. न्हाय म्हटलं तर ऐकनार हायस व्हय? बापावर गेलीस."

गंजलेल्या बोल्टांना खोबरेल सोडलं. आवाज काढणारं मागचं युनिट आट्यांवरून फिरवून काढलं, जुन्या भोंग्यावर चढवलं, वायरी जोडल्या. हात विसरले नव्हते. शाळेत असताना दादांबरोबर मी मैदानात जायची. ते माइकवर, मी त्यांच्याकडे तोंड करून समोर उभी. "राजे, येतंय का?" आलं की मी हात वर करायचा. "हां. अजून मागं." असं करत मी उलटी चालत जायची, शब्द फाटायला लागेपर्यंत. तिथपर्यंत सतरंज्या पडायच्या.

दोन्ही भोंगे बसले. कॅसेट सुरू केली.

"हॅलो. हॅलो." मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि गालातली सुपारी इकडून तिकडे सरकवल्याचा. मी खाली जमिनीवरच बसले. आईचे हात शेंगांवर थांबले.

यशू झोपेतून उठून डुलत डुलत शेडमध्ये आली. ती अजून बोलत नाही, नुकतीच चालायला लागलीय.

"राजे, येतंय का?"

यशूनं हात वर केला.

"हां. अजून मागं."

ती एक पाऊल मागं सरकली.

"आज्जाची नात हाय," आई डोळे पुसत हसली. मीही हसले. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण मुलं करतात काहीतरी. मी कॅसेट मागं घेतली.

या वेळी यशू शेंगेच्या टरफलात गुंतली होती. "राजे, येतंय का?" मग नुसती टेपची खरखर. चाक फिरत होतं. खरखर संपेना. यशूनं वर बघितलं, हात उचलला.

"हां."

टेपचा पट्टा ढिला झाला असेल, मी स्वतःशी म्हटलं. तिसऱ्यांदा कॅसेट लावली आणि यशूला जवळ घेऊन तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरले.

"राजे, येतंय का?"

खरखर. ती हात सोडवायला लागली. खरखर. आई म्हणाली, "सोड तिला, राजू."

मी सोडलं. हात वर गेला.

"हां. अजून मागं."

इथं भाषण सुरू व्हायला हवं होतं. पहिल्यांदा, फायबरच्या भोंग्यांवर, इथंच झालं होतं. आता झालं नाही. "अजून मागं," दादा म्हणाले. लाडात आले की म्हणायचे तसंच. यशू उंबऱ्यापर्यंत गेली.

तेवढ्यात लाइट गेली.

यंत्रमाग एकदम थांबले. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. गल्लीत इतकं शांत झालं की शेंगेचं टरफल घरंगळलेलं ऐकू आलं.

यशू बॉक्सकडे बघत होती.

तिनं हात वर केला.

मग मागं पाऊल टाकलं. उंबरा ओलांडला. पुन्हा थांबली, हात वर, पुन्हा मागं. तिच्या पाठीमागं रस्ता होता आणि त्यावरून टेम्पो येत होता.

मी धावले.

संध्याकाळी भोंगे काढले. फायबरचे परत बसवले. जुन्यांच्या तोंडात आईनं चिंध्या कोंबल्या आणि पोतं शिवून टाकलं. रविवारी बॉक्स पुण्याला गेले. त्या माणसानं जुन्या भोंग्यांबद्दल विचारलं तर आई म्हणाली, "न्हाईत आमच्याकडं."

पुढच्या आठवड्यात मी सासरी निघाले. जेऊरला उतरले तेव्हा माझा नवरा, संघपाल, फलाटावर आला होता. गाडी पुढं निघून गेली. रूळ थोडा वेळ वाजत राहिले, मग तेही गप्प झाले.

कडेवरच्या यशूनं मान सोलापूरच्या बाजूला वळवली आणि हात वर केला.

"कुणाला टाटा करतीय गं?" संघपाल हसला आणि बॅग उचलून पुढं चालायला लागला.

मी थांबले. श्वास धरून ऐकलं. केळीच्या पानांची सळसळ होती, दुसरं काहीच नव्हतं.

"काय म्हणतात गं?" मी तिला हळूच विचारलं. "यशू, मला सांग ना, काय म्हणतात?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नुसता तिचा मऊ तळवा माझ्या तोंडावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला.