रुबेनचा एक्सल

मार्च संपत आला होता, तरी फार्मिंग्टन गावात त्या दुपारी गारा मिसळलेला बारीक पाऊस पडत होता. ट्वायला बर्डेट भंगाराच्या आवारात एक ताडपत्री वर करून, वाकून, आत बघत होती.

"ती उचलायला कुणी सांगितलं?"

आवाज मागून आला. ती दचकली, पण ताडपत्री सोडली नाही. वळून पाहिलं, तर तिशी ओलांडलेला एक उंच माणूस, हातात लोखंडी पहार, भुवयांवर पावसाचे थेंब. हा नेस्टर आर्चुलेटा. आवार त्याच्या मामाचं, पण चालवायचा तोच.

"मला मागचा एक्सल हवाय," ती म्हणाली. "अख्ख्या आवारात न वाकलेला हा एकच दिसतोय."

ताडपत्रीखाली एक चेपलेली बगी होती. खडकांवर चढायची गाडी... पाइपांचा सांगाडा, चार मोठाली चाकं, आणि चालत्या माणसापेक्षा कमी वेग. गावातल्या निम्म्या गॅरेजांत अशी एखादी अर्धवट बगी उभी असायची. या बगीचा वरचा भाग कागदासारखा दुमडला होता. पण मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड पोलादी दांडा मात्र शाबूत होता.

"तो विकायचा नाही."

"मग भंगारात कशाला ठेवलाय?"

"दुसरीकडे ठेवायला जागा नाही म्हणून." त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या बगीचं वेल्डिंग कोण करतंय?"

"मीच."

"आणि एरवी काय करता?"

"दातांच्या दवाखान्यात असते. लोकांचे दात साफ करते."

"तरीच... किडलेली दाढ बघावी तशा बघत होतात एक्सलकडे."

ट्वायलाला हसू आलं. किती आठवड्यांनी आलं, ते तिचं तिलाच आठवेना. आणि कदाचित त्या हसण्यामुळेच, ओळख ना पाळख, तिनं त्याला सगळं सांगून टाकलं... की तिचे वडील चाळीस वर्षं गॅसच्या पाइपलाइनींवर वेल्डर होते. आता फुप्फुसं गेली, नाकात ऑक्सिजनची नळी आली, आणि ऑक्सिजन घेतलेल्या माणसाला ठिणगीच्या जवळ जाता येत नाही. म्हणून ते अंगणात खुर्ची टाकून बसतात, तिथून ओरडतात, आणि ती आत गॅरेजमध्ये वेल्डिंग करते.

"डॉक्टर म्हणतात, उन्हाळा काढतील. त्याच्या पुढचं... म्हणतच नाहीत."

"नाव काय त्यांचं?"

"ऑर्व्हल बर्डेट."

नेस्टरनं पहार खाली ठेवली. मग त्यानं तिच्या हातातून ताडपत्री अलगद सोडवून घेतली आणि खाली टाकली.

"ओळखतो," तो म्हणाला. "चांगलं काम करायचे."

ट्वायला रिकाम्या हातांनी घरी गेली. पण शनिवारी सकाळी त्यांच्या दारात एक पिकअप येऊन थांबला, आणि मागच्या हौद्यात तोच एक्सल होता, धुऊन पुसून, नव्यासारखा.

"विकायचा नव्हता," नेस्टर खाली उतरत म्हणाला. "म्हणून असाच आणलाय."

खुर्चीतून ऑर्व्हलनं मान उंच करून पाहिलं, आणि त्याचा चेहरा मेणासारखा पांढरा पडला.

"माझ्या भावाच्या गाडीचा आहे, मिस्टर बर्डेट," नेस्टर म्हणाला. "रुबेनच्या. पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येऊ दे."

"माहीत आहे कुणाचा आहे ते," ऑर्व्हल एवढंच बोलला. त्या दिवशी तो न जेवताच आत जाऊन पडला. दम लागला असेल, असं ट्वायलाला वाटलं.

मग नेस्टर दर शनिवारी येऊ लागला. एप्रिल असाच गेला. सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं, रुबेनचा एक्सल आपल्या जागी गेला. गाडीचं वजन जमिनीलगत राहावं म्हणून पुढच्या टायरांत दोघांनी नळानं अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, आणि भरता भरता एकमेकांना भिजवलं. ऑर्व्हलचा अंगणातून ओरडा चालूच असे. वेल्डिंग आधी फालतू तुकड्यांवर करायचं. तुकडा करवतीनं मधोमध कापायचा. कापलेली बाजू त्याला नेऊन दाखवायची.

"वरून सगळंच छान दिसतं, पोरी," तो म्हणायचा. "आत वितळलंय का ते बघ. पुन्हा कर."

ती पुन्हा करायची. वीसदा, तीसदा.

"हे असेच होते का पूर्वी?" नेस्टरनं एकदा हळूच विचारलं.

"नाही रे. पूर्वी माझ्या गणिताच्या वहीकडेसुद्धा ढुंकून बघत नव्हते."

"रे म्हणालीस."

"म्हणाले का?" तिनं वेल्डिंगचा मुखवटा झटकन खाली ओढला. "निसटलं असेल."

त्यानं मुखवटा पुन्हा वर केला. तिच्या भुवईत लोखंडाचा एक बारीक कीस अडकला होता. तो त्यानं दोन बोटांनी काढला, उजेडात धरून पाहिला, आणि टाकून द्यायच्या ऐवजी शर्टाच्या खिशात ठेवला.

पण खडकांचं नाव काढलं, की तो मिटून जायचा. गाडी चालवून बघायला कधी जाऊ या, असं विचारलं, तर म्हणायचा, "तू जा. मी तिकडे येत नाही." शेवटी मे महिन्यात, एका दुपारी, गॅरेजच्या पायरीवर हिरव्या मिरचीचं मटण आणि टोर्टियाच्या पोळ्या खाताना, तिनं सरळ विचारलं.

नेस्टरनं हातातला घास खाली ठेवला.

"चालवणाऱ्याला आपली चाकं दिसत नाहीत. म्हणून पुढे एक माणूस उभा राहतो आणि हातांनी सांगतो. डावीकडे, उजवीकडे, थांब. रुबेनच्या पुढे मीच असायचो, नेहमी. तीन वर्षांपूर्वी, म्हातारीच्या जबड्यावर... तो एक खडक आहे, तिकडे पश्चिमेला... मी त्याला डावीकडे ये म्हणालो." त्यानं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "तो आला. माझं सगळं ऐकायचा तो. मागचं चाक खडकावरून सुटलं आणि गाडी वीस फूट खाली उलटी गेली. आईनं दीड वर्ष माझ्याशी बोलणं टाकलं होतं."

ट्वायलानं त्याचा एक हात घेतला, आणि दोघांचं जेवण तसंच गार होऊन गेलं.

संध्याकाळी वडिलांची नळी साफ करताना तिनं ते सगळं त्यांना सांगितलं. "तो स्वतःलाच दोष देतो, डॅड. तू त्याला काहीतरी समजावून सांग ना. तुझं ऐकेल."

ऑर्व्हल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

पुढच्या शनिवारी नेस्टर आला, तेव्हा ऑर्व्हल खुर्चीत ताठ बसला होता. दाढी केली होती. "इकडे ये," तो म्हणाला. "उभाच राहा. बसू नकोस. रुबेनच्या गाडीचा सांगाडा मी बांधला होता."

"ते माहीत आहे मला."

"हे माहीत नसेल. डोक्यावरचा आडवा पाइप. तो सांधा मी सगळ्यात शेवटी केला. खोकला अनावर होत होता, हात हलत होता. वरून सुरेख दिसला. आत वितळला नव्हता, ते मला करतानाच कळलं होतं. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी रुबेन गाडी घेऊन गेला. मी त्याला थांबवलं नाही. गाडी उलटली तेव्हा तोच सांधा तुटला." त्यानं श्वास घेतला, नळीत शिट्टी वाजली. "गाडी पडली ती तुझ्या हातानं असेल. पण पडलेल्या गाडीतून माणूस जिवंत बाहेर येतो, पोरा. सांगाडा त्याच्याचसाठी असतो. तुझा भाऊ माझ्यामुळे गेला."

अंगणात कुठलातरी पक्षी ओरडत होता.

"तीन वर्षं," नेस्टर म्हणाला.

"हो."

"त्याच्या दफनाला तुम्ही आला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवला होता."

"हो."

नेस्टर ट्वायलाकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"नाही."

त्यानं बराच वेळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. विश्वास बसला की नाही, ते तिला कळलं नाही. मग तो पिकअपमध्ये बसला आणि गेला.

ट्वायला वडिलांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "मरणार आहेस म्हणून सांगितलंस ना?" ती म्हणाली. "जगणार असतास, तर सांगितलं नसतंस."

"नसतं सांगितलं," ऑर्व्हल म्हणाला. खोटं बोलायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"मग ही बगी कुणासाठी बांधतोयस?"

"कुणासाठी नाही. हातून एक तरी न तुटणारी व्हावी म्हणून."

तिला त्याचा राग आला, आणि त्या रागातच तिनं त्याला जेवू घातलं, आंघोळ घातली, औषधं दिली. तीन आठवडे ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. बगीचं काम सोडून द्यावं, असं तिला रोज वाटायचं, आणि रोज दवाखान्यातून आल्यावर ती पुन्हा मुखवटा चढवायची. नेस्टर आला नाही. तिनं दोनदा फोन केला. त्यानं उचलला नाही.

जूनमध्ये, एका रविवारी भर दुपारी, ती ग्राइंडरनं शेवटचा सांधा घासत होती. अर्धा तास तरी घासत असेल. ग्राइंडर बंद केला, तेव्हा अंगणातून ओरडा आला नाही. तिनं वाट पाहिली. मग ती बाहेर गेली.

ऑर्व्हल खुर्चीतच होता, मान एका बाजूला टाकून. त्यानं हाक मारली होती का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. ग्राइंडरच्या आवाजात काहीही ऐकू आलं नसतं.

दफनाला फार माणसं नव्हती. नेस्टर नव्हता. त्याची आई मात्र आली, काळ्या कपड्यांत, मटणाचं झाकलेलं पातेलं हातात घेऊन. ते तिनं ट्वायलाच्या हातात दिलं, शवपेटीकडे एकदा पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता निघून गेली.

चार दिवसांनी नेस्टर गॅरेजच्या दारात उभा होता. डोळे खोल गेलेले. त्यानं विजेरी आणि छोटा हातोडा घेतला आणि बगीचा एकेक सांधा ठोकून बघायला लागला. खाली झोपून, वर चढून, बोट फिरवून. ट्वायला भिंतीला टेकून बघत राहिली. तास गेला असेल.

"पक्कं आहे," तो म्हणाला. "सगळं."

"डॅडनी शिकवलं."

"ते दिसतंय. तेच तर सहन होत नाही." तो हातोड्याकडे बघत होता. "मला त्यांना माफ करता येत नाहीये, ट्वायला. कदाचित कधी येणारही नाही. आणि तू त्यांची मुलगी आहेस, त्यांच्यासाठी रडणार. माझ्यासमोर रडणार. मला ते... बघता आलं पाहिजे. येईल का, माहीत नाही."

"मलाही अजून माफ करता आलेलं नाही," ती म्हणाली. "आणि रडणं थांबत नाही. दोन्ही एकदमच चालू आहे."

तो जवळ आला. तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि ती मनसोक्त रडली, वंगणाच्या, लोखंडाच्या, घामाच्या वासात. तो तिथंच उभा राहिला. गेला नाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी सकाळी त्यांनी बगी म्हातारीच्या जबड्यापाशी नेली. कुठं जायचं, ते नेस्टरनंच सांगितलं. चाकांनी खडक धरावा म्हणून ट्वायलानं टायरमधली हवा जवळजवळ सगळी काढली, पट्टे आवळले, आणि इंजिन सुरू केलं. पुढे उभं राहायला तिनं त्याला सांगितलं नाही. तो आपण होऊन गेला, तांबड्या खडकावर चढला, आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.

त्याचे हात थरथरत होते. इतक्या लांबूनही तिला ते दिसत होतं.

थोडं उजवीकडे. ये... ये. अजून. आता सरळ. गाडी तसू तसू वर सरकत होती, समोर नुसतं आकाश आणि त्या आकाशात तो. मागच्या चाकांचं तिला काही दिसत नव्हतं. तिनं फक्त त्याचे हात बघितले. माथा हातभर राहिला होता. चाकांनी खडक घट्ट धरलाय, हे तिला बुडाखालून जाणवत होतं. एक हलकासा रेटा, की झालं.

नेस्टरनं मूठ आवळून वर केली. थांब.

ती थांबली.

मग त्यानं दोन्ही तळवे पुढे ढकलले. मागे जा.

ट्वायलानं एकदा माथ्याकडे पाहिलं. मग ती मागे आली, तो सांगेल तशी, अगदी खालपर्यंत, चारही चाकं वाळूत टेकेपर्यंत. इंजिन बंद केलं. नेस्टर उतारावरून घसरत, पडत, धावत आला आणि तिच्या शेजारी वाळूत गुडघ्यांवर बसला.

"चढली असती रे," ती म्हणाली.

"असती. बहुतेक."

"मग?"

"नुसतं 'बहुतेक' चालणार नव्हतं मला." त्यानं तिच्या पट्ट्याचा खटका चाचपडला, पण बोटांना तो सापडेना. "तू का थांबलीस? तुला वाटत होतं ना, चढेल म्हणून?"

"तू थांब म्हणालास."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"बोल की," ट्वायला म्हणाली. "बांधलेली आहे मी. कुठं पळून जाणार नाही."

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "रोज. नुसत्या शनिवारी नाही."

"नुसता शनिवार मी तरी कुठं म्हणत होते..."

तिनं हातमोजे काढले, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि त्यांची थरथर थांबेपर्यंत धरून ठेवले. बराच वेळ लागला. ऊन वर आलं, खडक तापला, आणि पट्टा सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.