काळ्या रंगाखालची चीर

खाणकामगारांची जुनी डोंगरवाट नकाशावर ठेवायची की कायमची पुसायची, हे सोमवारी ठरणार होतं. समितीची अट अशी, की निदान दोघांनी ती एका दिवसात सायकलवरून पार करून दाखवावी. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो.

ही मोहीम खरी वहिनींची. त्या मोजणी खात्यात आहेत. ही वाट त्यांनी सहा महिने पायी फिरून वळणा-वळणाने मोजली होती, आणि कचेरीत साऱ्यांशी भांडून ही एक संधी मिळवली होती. दुसरे आमचे मामा. जन्म विजेच्या खांबांवर काढलेले निवृत्त लाइनमन, त्यामुळे उंचीची भीती त्यांना ठाऊकच नाही. आणि तिसरा मी, सायकल दुरुस्तीवाला. तिन्ही सायकली मीच तयार केल्या होत्या.

पॅडलपाशी जे मोठं दातेरी चक्र असतं, ते चेनरिंग. खडकाळ वाटेवर सायकलचं पोट नेमकं तिथे आपटतं. दात वाकले की चेन उतरते, आणि मग सायकल आपल्याला नेत नाही, आपण सायकलला नेतो. म्हणून चेनरिंगवर जाड गार्ड बसवतात. मार त्याने खायचा.

शुक्रवारी दुपारी माझा गार्ड तडकलेला दिसला. दुकानात दुसरा शिल्लक नव्हता. वहिनींच्या सायकलवरचा मात्र कोरा करकरीत होता. मी अदलाबदल केली! चिरेत गोंद भरला, वरून काळा रंग मारला आणि तो त्यांच्या सायकलला बसवला. पुढे मी असणार, पहिले दणके मीच खाणार, अशी मनाची समजूतही घातली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

"भाऊजी, सगळं तपासलंत ना?" निघताना वहिनींनी विचारलं.

"डोळे झाकून बसा," मी म्हणालो.

"डोळे झाकून कशी बसेल रे?" मामा म्हणाले. "दरी बघायला तर आलोय!"

पहिले तीन तास मजेत गेले. झाडी मागे पडली, वारा गार झाला, खालची घरं काड्यापेटीएवढी दिसू लागली. वहिनी मागून हाका मारून पुढचं वळण सांगत होत्या, आणि त्यांनी सांगितलेलं प्रत्येक वळण तिथेच, तस्संच होतं. मला मात्र राहून राहून मागे वळून बघावंसं वाटत होतं. दरीकडे नाही, त्यांच्या सायकलच्या पोटाकडे.

मग दगडी पायऱ्यांचा उतार लागला. मी खडखडत उतरलो. ठाण! ठाण! माझ्या गार्डने दोन दणके खाल्ले. वहिनी मागोमाग आल्या. ठाण! आणि लगेच कडाड!

काळा तुकडा उडून माझ्या पायाशी पडला. मोडलेल्या कडेवर जुना मळ दिसत होता. मी तो चटकन खिशात घातला.

चेनरिंगचे तीन दात वाकले होते. वहिनी तिथेच खाली बसल्या. "माझीच चूक. तुमच्या मागोमाग यायचं होतं, मी हातभर डावीकडे गेले. कसली आपटली असेन, गार्डसुद्धा फुटला!"

"होतं असं," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. लाज वाटते, पण खरं तेच आहे. माझी चेनरिंग त्यांच्या सायकलला बसली असती. चारच बोल्ट. पण मग माझं काय? पार करणाऱ्यांत माझं नाव हवं होतं मला. मी पकडीने दात सरळ केले, कानशीने घासले आणि म्हणालो, "चालेल."

चाललं, पण कसं! दर दहा मिनिटांनी चेन उतरायची आणि दर वेळी वहिनी माझी माफी मागायच्या. "तुम्हाला उगाच त्रास." "माझ्यामुळे उशीर होतोय." खाई त्याला खवखवे म्हणतात. मी मान खाली घालून चेन चढवत राहिलो.

दुपारी धुकं चढलं आणि आम्ही कड्याच्या पट्टीवर आलो. डावीकडे सरळ भिंत, उजवीकडे काही नाही. मध्ये दोन हात रुंद वाट, शेवटी छोटासा चढ. मी जोर लावून गेलो. मामा गेले. वहिनी आल्या. चढावर त्यांनी पॅडलवर जोर दिला.

चेन सुटली! पाय हवेत गेला. सायकल उजवीकडे कलली. पुढचं चाक पट्टीबाहेर!

"हात!" मामा गरजले. त्यांनी स्वतःला आडवं झोकून दिलं आणि वहिनींच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. मी सायकलचं मागचं चाक पकडलं. दगड निसटले. खाली पडल्याचा आवाज बराच वेळ आलाच नाही. आम्ही ओढलं. पुन्हा ओढलं. शेवटी तिघंही भिंतीला पाठ लावून धापा टाकत बसलो.

वहिनींनी पिशवीतून मोजणीची वही काढली आणि माझ्यापुढे धरली.

"भाऊजी, तुम्ही दोघं पुढे जा. दोघं पुरेत. मी परत फिरते. मला जमत नाहीये, उगाच तुमचा जीव घालवेन."

वही माझ्या हातात होती. गप्प राहिलो असतो, तर वाट वाचली असती, माझं नाव लागलं असतं आणि माझी झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. वहिनी मात्र आपलंच चुकलं म्हणत जन्मभर जगल्या असत्या.

मी खिशातला तुकडा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"तडकलेलाच होता. माझा होता. तुमचा चांगला मी माझ्या सायकलला लावला. वर रंग मारला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

वहिनींनी तुकड्यावरचा रंग नखाने खरवडला. बराच वेळ खरवडला. मग म्हणाल्या, "सकाळपासून मी तुमची माफी मागतेय."

"हो."

"आणि तुम्ही ती घेत होतात." त्यांनी वही परत घेतली. "बोल्ट काढा."

मी माझी चेनरिंग गार्डासकट त्यांच्या सायकलला बसवली. प्रत्येक बोल्ट त्यांनी स्वतः हलवून बघितला. मग त्या आणि मामा धुक्यात दिसेनासे झाले. मी सायकल ढकलत, त्याच पायऱ्या चढून, आलो त्या वाटेने परतलो.

सोमवारी सकाळी दुकान उघडतोय तोच वहिनी सायकल घेऊन आल्या. थेट परतीच्या वाटेवरून आल्या होत्या. कपडे चिखलाचे होते, डोळे मात्र लखलखत होते.

"पार केली?"

त्यांनी सायकल उलटी केली. "शनिवारीच, अंधार पडायच्या आत. आता गार्डावरचे पोचे मोजा."

मी मोजले. अकरा.

"त्यातले दोन तुमचे. बाकी नऊ वेळा मी आपटले. नऊही वेळा वाट नीट धरली होती, तरी आपटले. ती वाटच तशी आहे." त्यांनी सायकल सरळ केली. "त्या पायऱ्यांवरही माझं चुकलं नव्हतं, भाऊजी."

"नव्हतं," मी म्हणालो. शनिवारीच म्हणायला हवं होतं.

त्यांनी समितीचा कागद माझ्या बाकावर, पान्यांच्या शेजारी ठेवला. दोन नावं लिहिलेली होती. त्याखाली एक रकाना कोरा होता: तिसरा स्वार का परतला?

मी हात पुसले आणि लिहिलं: गार्ड तडकलेला होता. मला माहीत होतं.

वहिनींनी वाचलं, कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. मग बाकाशेजारचं स्टूल ओढलं आणि माझ्या अगदी समोर बसल्या.

"समितीला अजून तासभर आहे. ही चेन, हे बोल्ट, सगळं पुन्हा तपासून द्या," त्या म्हणाल्या. "मी इथे बसून बघणार आहे."